फुलातलं गणित: रचनाकाराची खूण की वाढीचा नियम?

अनंतमूळ (धागाकर्ती)

सूर्यफुलाच्या चकतीतली ३४ आणि ५५ वळणं, पोळ्यातले षटकोन, हिमकणाचे सहा हात, नॉटिलसच्या शिंपल्याचं सर्पिल. ही चित्रं एकामागून एक दाखवून शेवटी "इतकं नेमकं गणित आपोआप आलं का?" असं विचारणाऱ्या चित्रफिती गटागटांवर फिरत असतात. प्रश्न मोलाचा आहे, म्हणूनच त्याचं उत्तर चित्रांवरून नको, मोजमापांवरून हवं असं मला ठामपणे वाटतं.

प्रत्येक उदाहरणाला तीन गोष्टी विचारू या. सांगितलेला आकडा खरंच मोजल्यावर मिळतो का? तो कोणत्या प्रक्रियेतून येतो? आणि तो कुठे मोडतो? रचनाकाराचा वाद त्यानंतर.

सुरुवात नॉटिलसपासून करते, कारण त्याचा निकाल लवकर लागतो. सुवर्ण सर्पिल एका पूर्ण वळणात ६.८५ पट मोठं होतं (१.६१८ या सुवर्णगुणोत्तराचा चौथा घात). शिंपल्याचा उभा छेद घ्या, केंद्रापासून एकाच दिशेला लागोपाठच्या दोन वळणांपर्यंतची अंतरं मोजा आणि भागाकार करा. उत्तर ३ च्या आसपास येतं. म्हणजे सर्पिल लॉगरिदमिक (दर वळणाला त्याच पटीने वाढणारं) आहे हे खरं, सुवर्ण आहे हे खोटं. प्राणी शिंपल्याच्या तोंडाशीच भर घालतो आणि त्यात प्रमाण तेच राहतं, फक्त माप वाढतं. एवढ्या अटीतून लॉगरिदमिक सर्पिल निघतं. चूक होते ती सुवर्ण सर्पिलाचं चित्र शिंपल्यावर ठेवून ते 'बसेपर्यंत' फिरवण्यात आणि ताणण्यात.

हिमकणाबद्दल केप्लरने १६११ मध्येच विचारलं होतं की हात सहाच का, पाच किंवा सात का नाहीत. बर्फाच्या स्फटिकात पाण्याचे रेणू षटकोनी जाळीत बसतात, त्यामुळे सहा. हातांचा तपशील हवा ठरवते: उणे २ अंशांच्या आसपास पातळ चकत्या, उणे ५ ला सुया आणि पोकळ स्तंभ, उणे १५ ला फांद्या फुटलेले तारे. सहाही हात एकाच तापमानातून आणि एकाच दमटपणातून एकत्र खाली येतात, म्हणून सारखे वाढतात. आणि अगदी सममित कण थोडेच असतात. छायाचित्रांत तेच निवडलेले दिसतात.

सूर्यफूल आणि पोळं मात्र इतक्या लवकर संपणारे विषय नाहीत. जाणकारांनी लिहावं.

---

पर्णविन्यास

सूर्यफुलाचं मी लिहितो.

आधी आकडा. २०१२ मध्ये मँचेस्टरच्या विज्ञान संग्रहालयाने गणितज्ञ ट्यूरिंगच्या स्मरणार्थ लोकांकडून सूर्यफुलं लावून घेतली आणि वळणं मोजली. निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. ६५७ फुलांची माहिती जमली. सर्वांत भरवशाच्या भागात उजवी-डावी मिळून ७६८ मोजणी होती. त्यांतली ५६५ थेट फिबोनाची संख्या होती (१, २, ३, ५, ८, १३... प्रत्येक संख्या मागच्या दोहोंची बेरीज). आणखी ६७ त्याच घराण्यातल्या होत्या, म्हणजे दुप्पट फिबोनाची किंवा लुकास मालिकेसारख्या (तोच बेरजेचा नियम, पण ४, ७, ११, १८... अशा संख्या). उरलेल्या १३६ यात बसल्या नाहीत. माझ्या मते या अभ्यासातली सर्वांत बोलकी गोष्ट पुढेच आहे: फिबोनाची संख्येपेक्षा एकाने कमी असलेल्या मोजण्या एकाने जास्त असलेल्यांपेक्षा लक्षणीय प्रमाणात अधिक निघाल्या. अशी एकाच बाजूची त्रुटी वाढीच्या प्रक्रियेबद्दल काहीतरी सांगते.

आता प्रक्रिया. १८६८ मध्ये हॉफमायस्टरने नियम मांडला: शेंड्याच्या वाढबिंदूवर नवा अंकुर आधीच्या अंकुरांपासून जिथे सर्वाधिक मोकळी जागा असेल तिथे येतो. १९९२ मध्ये डुआडी आणि कुडे या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञांनी हा नियम वनस्पतीशिवाय तपासला. तेलाच्या बशीत मध्यभागी चुंबकीय द्रवाचे थेंब ठरावीक वेळाने सोडले. चुंबकीय क्षेत्र कडेला जास्त असल्याने थेंब बाहेर सरकत आणि एकमेकांना ढकलत. थेंब सावकाश सोडले तर प्रत्येक नवा थेंब आधीच्याच्या बरोबर समोर, १८० अंशांवर जाई. वेग वाढवत नेला तसा कोन १३७.५ अंशांच्या जवळ स्थिरावला आणि फिबोनाची वळणं दिसू लागली. बशीला हा १३७.५ अंशांचा सुवर्णकोन कोणीही सांगितलेला नव्हता.

झाडात 'ढकलण्याचं' काम ऑक्सिन हे संप्रेरक करतं. पेशींच्या पडद्यातलं पिन-१ नावाचं प्रथिन ऑक्सिन एका दिशेने वाहून नेतं. जिथे ते साठतं तिथे अंकुर फुटतो आणि तो आजूबाजूचं ऑक्सिन ओढून घेतो, म्हणून शेजारी दुसरा अंकुर फुटत नाही. या प्रथिनाचं जनुक बिघडलेल्या अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या छोट्या रोपाचा फुलोरा पानाफुलांविना टाचणीसारखा वाढतो. त्याच्या शेंड्यावर बाजूला ऑक्सिनचा लेप लावला की लावलेल्या जागीच अंकुर येतो. कारण दाखवायचं ते असं: काढून घ्या, परिणाम जातो, परत द्या, परिणाम येतो.

अपवाद शोधायला लांब जायला नको. तुळस आणि रुई: समोरासमोर पानांच्या जोड्या, प्रत्येक जोडी आधीच्या जोडीला ९० अंशांवर. कण्हेर: तीन-तीन पानांचे चक्र. ज्वारी, मका, ऊस: १८० अंश, दोनच रांगा. सप्तपर्णी: चक्रात बहुधा सात पानं, पण चारपासून दहापर्यंत कितीही. ७ फिबोनाची संख्या नाही.

---

माधुकरी

उत्तम माहिती, मनापासून आभार. पण एक मुद्दा सुरुवातीलाच नोंदवते, कारण पुढे तो हरवेल.

प्रक्रिया सापडली म्हणून रचनाकार बाद होत नाही. ऑक्सिन आणि मोकळी जागा एवढ्या साध्या नियमांतून सूर्यफूल निघतं, हे ऐकून श्रद्धावान माणसाचं आश्चर्य वाढेल. प्रत्येक बी हाताने मांडणाऱ्यापेक्षा, एक नियम घालून सगळी शेतं भरणारा रचनाकार अधिक बुद्धिमान नव्हे का? माझा प्रश्न बियांच्या मांडणीबद्दल नाही. नियम गणिताच्या भाषेत सांगता येतात, हेच कुठून आलं?

---

त्रिज्या

@माधुकरी, तुमचा प्रश्न खरा आहे, पण तो वेगळा आहे. आधी फिबोनाचीचं गणित स्वच्छ करून घेऊ.

पाकळ्यांचा दावा आकडेमोडीत टिकत नाही. १ ते ९ मध्ये फिबोनाची संख्या पाच आहेत: १, २, ३, ५, ८. म्हणजे नऊपैकी पाच. पाकळ्या कशाही आल्या तरी निम्म्याहून अधिक वेळा 'चमत्कार' दिसणारच. शिवाय मोहरी आणि मुळ्याला ४ पाकळ्या, इक्झोराला ४, लिलीला ६. १० ते ९९ मध्ये मात्र ९० संख्यांपैकी पाचच फिबोनाची आहेत: १३, २१, ३४, ५५, ८९. म्हणून सूर्यफुलाच्या कडेला ३४ आणि ५५ मिळणं याला वजन आहे, जास्वंदीच्या ५ पाकळ्यांना नाही. चित्रफितींत दोन्हींना सारखंच वजन दिलेलं असतं.

आता सुवर्णकोन का, हे स्प्रेडशीटवर दहा मिनिटांत दिसतं. पहिल्या स्तंभात ० ते ५०० क्रमांक. दुसऱ्यात क्रमांक गुणिले १३७.५०८ (अंशांतला कोन). तिसऱ्यात क्रमांकाचं वर्गमूळ (त्रिज्या). चौथ्यात त्रिज्या गुणिले कोनाचा कोसाइन, पाचव्यात त्रिज्या गुणिले साइन. शेवटच्या दोन स्तंभांचा विखुरलेल्या ठिपक्यांचा आलेख काढा. कोसाइनला अंश नव्हे, रेडियन लागतात. बहुतेकांचा आलेख इथेच बिघडतो. दोन्ही अक्षांची मापं सारखी ठेवा, नाहीतर चकती लंबगोल दिसते. त्रिज्येला वर्गमूळ घेतलं नाही तर मध्ये गर्दी आणि कडेला विरळ.

मग कोन बदला. १३५ टाका (३६० चे ३/८): ८ सरळ आरे आणि मध्ये रिकाम्या फटी. १३७.१४ टाका (८/२१): २१ आरे. १३७.६ टाका: १३/३४ च्या जवळ असल्याने ३४ वाकडे आरे. अपूर्णांकाच्या जवळचा कोन जागा वाया घालवतो. सुवर्णगुणोत्तराचा सतत अपूर्णांक (अपूर्णांकाच्या छेदात पुन्हा अपूर्णांक, असा न संपणारा) सगळा १-१-१ असा आहे, म्हणून लहान अपूर्णांक त्याच्याजवळ सर्वांत वाईट पोचतात आणि बिया सर्वांत दाट बसतात. या आलेखात कोन आपण बाहेरून घातलेला असतो, त्यामुळे तो कुठून येतो हे यातून सिद्ध होत नाही. ते काम चुंबकीय थेंबांच्या प्रयोगाने केलं.

आणि हीच मालिका आपल्या छंदःशास्त्रात आधी आली होती. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. अमुक मात्रांचा चरण किती प्रकारे भरता येतो? १ मात्रेचा १, २ चे २, ३ चे ३, ४ चे ५, ५ चे ८. शेवटी लघू आला तर एक मात्रा वगळून उरलेले प्रकार, गुरू आला तर दोन वगळून उरलेले. म्हणून मागच्या दोन संख्यांची बेरीज. विरहांकाने हे सांगितलं, आणि हेमचंद्राने ११५० च्या सुमारास, म्हणजे फिबोनाचीच्या १२०२ च्या ग्रंथाआधी. मात्रा आणि सूर्यफूल यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. 'मागच्या दोहोंची बेरीज' हा नियमच इतका साधा आहे की तो वेगवेगळ्या कारणांनी वेगवेगळ्या जागी उगवतो. एकच आकडा दोन ठिकाणी दिसला म्हणून त्यामागे एकच हात आहे असं धरता येत नाही.

---

मेणपत्रा

पोळ्याबद्दल. हे उदाहरण सूर्यफुलापेक्षा अवघड आहे, कारण इथे बांधणारा जीव खरोखर आहे.

गणित असं: सपाट पृष्ठ समान क्षेत्रफळाच्या खणांत विभागायचं आणि भिंती कमीत कमी लागाव्यात, तर षटकोन. पॅपसने हे मांडलं होतं, पूर्ण सिद्धता हेल्सने १९९९ मध्ये दिली. घराची भिंत सुमारे ०.०७ मिमी जाड असते, त्यामुळे मेणाची बचत ही माशीसाठी खरी बचत आहे.

पण 'सर्वोत्तम' हा शब्द जपून वापरावा. घराचा तळ तीन समभुज चौकटींचा असतो. १९६४ मध्ये फेयेश टोथने दाखवलं की दोन षटकोन आणि दोन चौकटी असा तळ केला तर मेण आणखी थोडं कमी लागतं. फरक अर्ध्या टक्क्याहून कमी आहे, पण आहे. अचूक गणित करणाऱ्या रचनाकाराने तो सोडला नसता. मेणाला जाडी असते, त्यामुळे एवढ्या बारीक फरकाने माशीचं काही बिघडत नाही, आणि नैसर्गिक निवड तिथेच थांबते.

षटकोन कसा होतो यावर अजून वाद आहे. २०१३ च्या एका अभ्यासाने म्हटलं की घरं आधी गोल असतात आणि कोमट मेण तीन घरांच्या सांध्यात ओढलं जाऊन भिंती सरळ होतात. मला हे अपुरं वाटतं. कागदी घरटं करणारी गांधीलमाशीही षटकोनी घरं बांधते, आणि चावून केलेला कागद वाहत नाही. शिवाय मधमाशीच्या शृंगिकांची (डोक्यावरच्या स्पर्शिकांची) टोकं काढली तर भिंतीची जाडी बिघडते, म्हणजे ती मोजून बांधते. शेजारच्या घराला चिकटून, सगळीकडे सारखी जाडी ठेवून बांधायचं, एवढा स्थानिक नियम पुरतो.

रचना खरोखर तपासायची असेल तर जोड बघा. युरोपीय मधमाशीच्या (एपिस मेलिफेरा) कामकरी घराची रुंदी सुमारे ५.३ मिमी, नराच्या घराची सुमारे ६.५. एकाच पोळ्यावर दोन मापं आली की मधला पट्टा शुद्ध षटकोनांनी भरता येत नाही. तिथे पाच आणि सात बाजूंच्या घरांच्या जोड्या सापडतात. २०२१ मध्ये पोळ्यांच्या छायाचित्रांवरून हे बारकाईने मोजलं गेलं. माश्या अडचणीच्या जागेच्या आधीपासूनच घरांचं माप आणि कल हळूहळू बदलत येतात. हे पाहायचं असेल तर मेणपत्रा लावलेली चौकट घेऊ नका, त्यावर षटकोन आपणच छापलेले असतात. रिकामी चौकट द्या, किंवा फुलोरीचं सोडून दिलेलं पोळं पाहा.

---

कातळ

षटकोन निर्जीव दगडातही आहेत, म्हणून हा विषय इथे हवाच. अंधेरीची गिल्बर्ट हिल म्हणजे सुमारे ६० मीटर उंचीचे उभे बेसाल्टचे स्तंभ, वय साधारण ६.६ कोटी वर्षं. उत्तर आयर्लंडच्या जायंट्स कॉजवेला असे सुमारे ४०,००० स्तंभ आहेत.

लाव्हा थंड होताना आकसतो आणि तडकतो. पृष्ठभागावर नवी तड आधीच्या तडीला काटकोनात मिळते, वाळलेल्या तळ्याच्या चिखलात मिळते तशीच. तडा थंडीबरोबर आत सरकतात तसे सांधे हळूहळू १२० अंशांकडे जातात, कारण तिथे ताण तिन्ही बाजूंना सारखा वाटला जातो. म्हणून वरचा थर ओबडधोबड आणि खालचा नीट. सगळे स्तंभ षटकोनी नसतात. पाच आणि सात बाजूंचे भरपूर असतात आणि सरासरी सहाच्या थोडी खाली येते. थंडी सावकाश तर स्तंभ जाड, भराभर तर बारीक.

घरी करता येतं. कॉर्नफ्लॉर (म्हणजे मक्याचा स्टार्च, मक्याचं पीठ चालणार नाही) आणि पाणी समान वजनाने, २०० ग्रॅमला २०० ग्रॅम. सरळ भिंतीच्या भांड्यात तीनेक सेंटिमीटर थर ओता, भांडं आपटून बुडबुडे काढा. वर २०-३० सेंटिमीटरवर जुन्या पद्धतीचा, उष्णता देणारा बल्ब लावा. एलईडीची उष्णता पुरत नाही. बुरशी येऊ नये म्हणून पाण्यात ब्लीचचे थोडे थेंब घाला. आधी वर मोठ्या तडा पडतील. त्यावर थांबू नका, खालचा भाग अजून ओला असतो. काही दिवसांनी पूर्ण वाळल्यावर वडी उलटी करून मोडा: आत काही मिलिमीटर रुंदीचे उभे स्तंभ दिसतील, खाली जाताना जाड होत जाणारे, कारण खोलात वाळणं मंदावतं. मध्येच भांडं हलवलं की स्तंभांची ओळ तुटते. बल्ब फार जवळ आणला तर वर पापुद्रा धरतो आणि आत चिखल राहतो.

बाजू मोजा आणि तक्ता करा. पाच, सहा, सातचं मिश्रण कॉर्नफ्लॉरमध्येही येतं.

---

अपेक्षाबुद्धी

@माधुकरी यांच्या प्रश्नाकडे वळते. हा वाद आपल्याकडे फार नेमकेपणाने झालेला आहे आणि चर्चेत तो येत नाही याचं मला वाईट वाटतं. १८०२ च्या पेलीच्या घड्याळापासून (घड्याळ आहे म्हणजे घड्याळजी असणार, तसाच जगाचा रचनाकार) सुरुवात करण्याची गरज नाही.

उदयनाचार्यांच्या न्यायकुसुमांजलीत ईश्वरसिद्धीची कारणं एका श्लोकात गोवली आहेत: "कार्यायोजनधृत्यादेः पदात् प्रत्ययतः श्रुतेः। वाक्यात् संख्याविशेषाच्च साध्यो विश्वविदव्ययः॥" शेवटचं कारण पाहा: संख्याविशेष. न्याय-वैशेषिकांच्या मते दोन परमाणूंपासून द्व्यणुक होतं आणि त्याचं परिमाण 'दोन' या संख्येतून येतं. पण 'दोन' हे दोन वस्तूंत आपोआप बसलेलं नसतं, कोणीतरी 'हे एक, हे एक' असं एकत्र जाणावं लागतं. त्या जाणण्याला अपेक्षाबुद्धी म्हणतात. सृष्टीच्या आरंभी माणूस नव्हता, मग जाणणारा कोण? ईश्वर. निसर्गातल्या संख्येवरून मोजणाऱ्याकडे जाणारा हा युक्तिवाद सूर्यफुलाच्या चित्रफितीपेक्षा कितीतरी खोल आहे. त्याचं सगळं वजन 'संख्या जाणणाऱ्यावाचून नसते' या एका पायरीवर आहे. ती मान्य नसेल तर पुढचं काही उरत नाही.

त्याच्याही आधी बौद्ध तत्त्वज्ञ धर्मकीर्तीने प्रमाणवार्तिकात घेतलेला आक्षेप या धाग्याला नेमका लागू पडतो. विशिष्ट मांडणी दिसली की कर्ता मानायचा, तर मडकं मातीचा विकार आहे आणि कुंभार ते करतो, म्हणून वारूळही मातीचा विकार असल्याने कुंभारानेच केलं म्हणायचं का? शब्द एक, 'मांडणी'. पण मडक्याची मांडणी कर्त्यावाचून कधीच दिसलेली नाही, डोंगराची कर्त्याशी तशी व्याप्ती (कायमची सोबत) कोणी पाहिलेली नाही. @कातळ यांचं कॉर्नफ्लॉर हा तोच आक्षेप आहे, भांड्यात करून दाखवलेला.

आणि हे आस्तिक-नास्तिक असं सरळ विभागलेलं नाही. ब्रह्मसूत्रात (२.२.१) 'रचनानुपपत्तेश्च नानुमानम्' म्हणून अचेतन प्रधानातून (मूळ जड प्रकृतीतून) रचना निघणार नाही असा सांख्यांवर आक्षेप आहे. पण त्याच पादात पुढे (२.२.३७) शंकराचार्य निव्वळ अनुमानाने ठरवलेल्या, जगाबाहेरच्या निमित्तकारण (कुंभारासारख्या, फक्त घडवणाऱ्या) ईश्वराचंही खंडन करतात. ब्रह्म श्रुतीने कळतं, मांडणीच्या अनुमानाने नाही, ही त्यांची भूमिका. म्हणजे डिझाइनचा युक्तिवाद नाकारणं म्हणजे श्रद्धा नाकारणं असं समीकरण आपल्या परंपरेत नव्हतंच.

---

माधुकरी

@अपेक्षाबुद्धी, सुंदर प्रतिसाद, वाचनखूण साठवली आहे.

मग मी प्रश्न अधिक काटेकोर करते. सूर्यफूल, पोळं, बेसाल्ट बाजूला ठेवा. ती नियमांतून येतात हे पटलं. आता नियमांतले आकडे. १९५३ मध्ये फ्रेड हॉईल यांनी कार्बनच्या अस्तित्वावरून उलट विचार केला: ताऱ्यांत तीन हेलियम अणुकेंद्रकांपासून पुरेसा कार्बन व्हायचा असेल, तर कार्बनच्या केंद्रकाला सुमारे ७.६५ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टला एक ऊर्जापातळी असायलाच हवी. कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत शोधल्यावर ती मिळाली. हे पाकळ्या मोजण्यासारखं नाही. इथे कार्बनचं, पर्यायाने आपलं असणं एका आकड्यावर टेकलेलं आहे.

---

त्रिज्या

मान्य, हे या विषयातलं सर्वांत वजनदार उदाहरण आहे. पण त्यातून 'अशक्यप्राय' हा शब्द काढण्याआधी भागाकार मांडून पाहा. अंशस्थानी जीवनाला चालणाऱ्या किमतींचा पट्टा. छेदस्थानी? ती किंमत किती वेगवेगळी असू शकली असती, आणि कोणती किंमत किती वेळा, याची वाटणी. सूर्यफुलांची आपल्याकडे ७६८ मोजणी होती, विश्व एकच आहे. छेदाशिवाय संभाव्यता निघत नाही, लहानही नाही आणि मोठीही नाही. म्हणून या उदाहरणावरून 'रचनाकार नाही' असंही मी म्हणत नाही. संभाव्यतेचं गणित इथे दोन्ही बाजूंना हात देत नाही एवढंच.

अमेरिकेत इंटेलिजेंट डिझाइन मांडणाऱ्या डेम्बस्की यांची १९९८ ची चाळणीही लक्षात घ्यावी. पहिली पायरी: ही गोष्ट नियमाने घडते का? हो असेल तर तिथेच थांबा. नसेल तर योगायोग तपासा, आणि तोही नसेल तरच योजना. त्यांच्याच चाळणीत सूर्यफूल, हिमकण, बेसाल्ट पहिल्या पायरीवर बाहेर पडतात. नियमितपणा हा योजनेचा पुरावा मानणारे लोक त्या चळवळीच्या मुख्य मांडणीच्याही विरुद्ध बोलत असतात. (शाळेत हे विज्ञान म्हणून शिकवावं का, यावर पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर खटल्याचा निकाल २० डिसेंबर २००५ ला आला: शिकवू नये.)

---

पर्णविन्यास

एक भर. फिबोनाची मांडणी पानांच्या इतिहासात आरंभापासूनच होती असं बराच काळ मानलं जाई. स्कॉटलंडच्या ऱ्हायनी खडकातल्या अ‍ॅस्टेरॉक्सिलॉन या ४०.७ कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतीच्या शेंड्यांची त्रिमित पुनर्रचना २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. पानांची वळणं फिबोनाचीत बसत नव्हती. पानं असलेल्या सर्वांत जुन्या ज्ञात वनस्पतींपैकी ही एक. तिच्या वंशशाखेतून आलेल्या आजच्या मुद्गलांमध्येही (लायकोपोडियमसारख्या बिनफुलांच्या वनस्पतींत) पानांच्या मांडणीत बरीच विविधता सापडते.

@माधुकरी, तुमच्या प्रश्नाला हे उत्तर नाही याची जाणीव आहे. पण 'गणित आधी आखलेलं होतं आणि वनस्पती त्यात बसवल्या' हे चित्र जीवाश्मांशी जुळत नाही.

---

माधुकरी

जुळत नाही, हे मान्य. वनस्पतींच्या पातळीवरचा दावा मी सोडते. नियम गणितात का मांडता येतात हा प्रश्न मात्र सोडत नाही, आणि त्याला मोजमापाने उत्तर मिळेल अशी माझी अपेक्षाही नाही. श्रद्धेसाठी सूर्यफुलाची साक्ष काढायला नको, इतकं या धाग्यातून मला पटलं.

---

चौथी_ब

शाळेच्या विज्ञान मंडळासाठी विचारते: अननसावरची वळणं मुलांकडून मोजून घ्यायची तर नेमकी कशी? सूर्यफूल वर्षभर मिळत नाही.

---

पर्णविन्यास

अननस उत्तम. पानांचा तुरा ठेवलेलं, डोळे ठसठशीत असलेलं फळ घ्या. फार पिकलेलं नको, डोळे दबतात. मध्यावर एक रबर बँड आडवा चढवा. कोणत्याही डोळ्याला सहा कडा दिसतात, त्यामुळे त्यावरून तीन दिशांना रांगा जातात: एक मंद चढाची, एक मध्यम, एक उभट. मंद रांगेवर खडूने रेघ ओढा, वर तुऱ्यापासून खाली देठापर्यंत. मग रबर बँडवरून एक डोळा पुढे सरका आणि पुढच्या रांगेवर रेघ. पहिल्या रेघेशी परत पोचेपर्यंत मोजा. तिन्ही दिशांना वेगवेगळ्या रंगाचे खडू वापरा.

बहुधा ८, १३ आणि २१ मिळतील. २१ ची रांग इतकी उभी असते की मुलं ती सरळ समजून सोडून देतात. रबर बँड तिरका बसला तर एक-दोनचा फरक पडतो. देठाजवळचे डोळे लहान आणि विस्कटलेले असतात, तिथे मोजू नका. सूर्यफूल मोजताना दोन्ही दिशांची मोजणी एकाच वर्तुळावर करा: केंद्राजवळ २१ आणि ३४, पुढे ३४ आणि ५५, मोठ्या फुलाच्या कडेला ५५ आणि ८९ असं बदलत जातं. एका दिशेची वळणं आत आणि दुसऱ्या दिशेची बाहेर मोजली की २१ आणि ८९ अशी भलतीच जोडी येते. फोटोवर मोजत असाल तर कॅमेरा चकतीच्या बरोबर समोर धरा.

मुलांना आधी अपेक्षित उत्तर सांगू नका, नाहीतर १२ मोजलेलं मूल शेजाऱ्याचं पाहून १३ लिहितं. दोन मुलांनी एकच फळ स्वतंत्रपणे मोजावं आणि उत्तरं जुळली नाहीत तर तिसऱ्याने. एखाद्या फळावर ७, ११, १८ आले तर फेकू नका, परत मोजा. पुन्हा तेच आले तर ती लुकास मांडणी आहे: सुरुवातीचे अंकुर वेगळ्या कोनात बसले की कोन १३७.५ ऐवजी ९९.५ अंशांकडे जातो. त्या फळाचा फोटो आणि तिन्ही आकडे इथे नक्की टाका.